22 वर्षांचा शिवण क्लास मोबाइलवर कसा न्यावा?

ताई, नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही 22 वर्षं शिवण क्लास घेताय. लॉकडाऊनमध्ये क्लास बंद पडला तेव्हा जे शिकवता ते सगळं मोबाइलवर रेकॉर्ड केलंत. आज 64 व्हिडिओ आहेत, 38 तास भरतील एवढे. 140 जणींनी फी भरली, शेवटपर्यंत पोचल्या 11. त्यांतल्याही काहीजणी म्हणतात, "मॅडम, शिकवता छान, पण ब्लाऊज अंगावर बसत नाही." तुम्ही विचारलंय, कॅमेरा कोणता घेऊ आणि कोर्स कुठल्या अॅपवर टाकू.

कॅमेऱ्याचं शेवटी सांगते. कारण चांगला कॅमेरा घेऊन हेच 38 तास पुन्हा शूट केलेत, तरी ब्लाऊज बसणार नाही. मी 18 वर्षं जाणकारांकडून त्यांचं काम समजून घेऊन त्याचे अभ्यासक्रम बांधते. आधी कारखान्यातल्या कामगारांसाठी, मग परिचारिकांसाठी, आणि गेली चार वर्षं दोन महिला गटांबरोबर शिवणकामाचे. त्या अनुभवावरून लिहिते आहे. मी शिंपीकाम तुमच्याइतकं जाणत नाही. पण जाणकाराचं ज्ञान कोर्समध्ये उतरताना कुठे गळतं, ते मी बऱ्याचदा पाहिलं आहे.

तुमच्या क्लासमध्ये रोज काय होतं, ते आठवून पाहा. पहिली वीस मिनिटं तुम्ही फळ्यासमोर असता. छाती 36, तिचा चौथा भाग 9, त्यात लूजिंग, त्यात मार्जिन, इथून खूण, तिथून गोलाई. उरलेला दीड तास तुम्ही मशीनांमधून फिरता. कुणाच्या मागे उभ्या राहून म्हणता, "थांब, ही बाही उलटी लागतेय." कुणाचा कपडा उचलून उजेडात धरता. कुणाला म्हणता, "आता कात्री लावू नकोस, आधी घडी परत घाल." मुली शिकतात त्या या दीड तासात, आणि तुमच्या 64 व्हिडिओंमध्ये नेमका तोच नाही. त्यात फक्त फळ्यासमोरची वीस मिनिटं आहेत, 64 वेळा.

यात तुमची चूक नाही. 22 वर्षांत जे हातात मुरलं, ते तुम्हाला आता दिसतच नाही. मुरलेल्या कामाचा स्वभावच तो. एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मला याचा धडा मिळाला. तिथल्या सर्वांत जुन्या फिटरकाकांना मी तीन दिवस प्रश्न विचारले. त्यांनी मनापासून सगळं सांगितलं, मी त्याचा सुरेख कोर्स केला, नव्या पोरांनी परीक्षेत उत्तम गुण मिळवले. आणि मशीनवर खराब माल होता तेवढाच निघत राहिला. मग मी काकांशेजारी नुसती उभी राहिले. दर थोड्या वेळाने ते मान किंचित डावीकडे कलती करायचे. विचारलं तर म्हणाले, "आवाज बदलला ना, टूल बोथट झालं." हे तीन दिवसांत त्यांनी एकदाही सांगितलं नव्हतं. लपवायचं म्हणून नव्हे, सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं म्हणून.

म्हणून जाणकाराला "तुम्ही हे कसं करता?" असं मी आता फारसं विचारत नाही. "नवी मुलगी इथे काय चुकते?" असं विचारते. पहिल्या प्रश्नाला सूत्र मिळतं, दुसऱ्याला ज्ञान. तुमचं खरं भांडवल तुमच्या दुरुस्त्यांमध्ये आहे, आणि कोर्स त्यांच्यावर उभा राहायला हवा. मला तुम्हाला सांगायचं आहे ते मुख्यतः एवढंच. बाकीचं ते कसं करायचं याबद्दल आहे.

एक आठवडा काही शूट करू नका. क्लास सुरू असताना फोनचा व्हॉइस रेकॉर्डर कमरेच्या पिशवीत चालू ठेवा. मुलींना आधी सांगा, त्यांची हरकत नाही ना विचारा. रात्री ते ऐका आणि एका वहीत फक्त तुमची टोकलेली वाक्यं उतरवा. कुठल्या पायरीला टोकलं, काय बघून टोकलं, काय करायला सांगितलं. माझ्याबरोबरच्या एका गटातल्या ताईंची अशी वही पाच दिवसांत 90 नोंदींची झाली. नीट लावल्यावर दिसलं की त्याच त्या 14 चुका आहेत. त्यांतल्या काही तुम्हाला ओळखीच्या वाटतील. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या जाणं. पुढचा मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, मागच्यापेक्षा खोल न कोरल्यामुळे बगलेत चुण्या पडणं. टक्सची (फिटिंगसाठी घातलेल्या चुणीची) शिलाई टोकाला निमुळती न करता एकदम तोडल्यामुळे तिथे फुगा येणं. गळ्याची तिरकी पट्टी लावताना हाताने ओढली जाणं आणि गळा आखडणं. अस्तर पाण्यातून न काढताच कापणं, मग पहिल्या धुण्यात अस्तर आटून वरचं कापड झोळ धरणं.

त्या ताई यातली दोन्ही बाह्यांची चूक कशी पकडतात, ते मी जवळून पाहिलं. बाही जोडण्याआधी दोन्ही बाह्या त्या टेबलावर सुलट बाजू वर करून शेजारी शेजारी ठेवतात आणि जास्त कोरलेल्या कडांवरून एकदा अंगठा फिरवतात. त्या कडा एकमेकींकडे तोंड करून असल्या तर बरोबर. दोन्ही कडा एकाच दिशेला असल्या तर एक बाही चुकली. हे करायला चार सेकंदसुद्धा लागत नाहीत. त्यांच्या जुन्या व्हिडिओत बाही कापण्यावर 26 मिनिटं होती आणि ही चार सेकंदं नव्हती. मी विचारलं तेव्हा त्यांना आपण असं काही करतो हेच पटेना, मग मी त्यांना काम करताना काढलेला त्यांचाच व्हिडिओ दाखवला. आज त्यांच्या कोर्समध्ये या अंगठ्याचा स्वतंत्र दीड मिनिटाचा व्हिडिओ आहे आणि बायका तो सर्वांत जास्त वेळा परत पाहतात.

आता, कोर्स कसा असावा हे कोणासाठी आहे यावर फार ठरतं, आणि तुमच्या प्रश्नात ते लिहिलेलं नाही. जिने कात्री हातात धरलेली नाही तिच्यासाठी, की जी घरच्यांचं शिवते आणि आता बाहेरच्या ऑर्डरी घ्यायच्या म्हणते तिच्यासाठी? पहिलीला एक ब्लाऊज अंगावर बसला की कोर्स सार्थकी लागला. दुसरीला सहा वेगवेगळ्या अंगलटींचे सहा ब्लाऊज जमायला हवेत, गिऱ्हाईकाचं माप घेता यायला हवं, कापड किती लागेल ते सांगता यायला हवं आणि फिटिंग बिघडलं तर गिऱ्हाईकासमोर दुरुस्त करता यायला हवं. हे दोन वेगळे कोर्स आहेत. तुमच्या 140 जणींमध्ये दोन्ही प्रकारच्या असणार, आणि माझा अंदाज असा की पहिल्या घाबरून गेल्या नि दुसऱ्या कंटाळून. माझं मत विचाराल तर दुसऱ्यांपासून सुरुवात करा. त्यांना कमाईची निकड आहे, मशीनवर हात बसलेला आहे, आणि तुमच्या 22 वर्षांचं मोल त्यांना लगेच कळेल. आणि ज्यांना फक्त बघायला आवडतं, त्यांच्यासाठी यूट्यूब आहे. त्यांनी कोर्स पुरा केला नाही याचं तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मोठमोठ्या विद्यापीठांच्या मोफत ऑनलाइन कोर्सेसनासुद्धा नाव नोंदवणाऱ्यांपैकी अगदी थोडेच शेवटपर्यंत जातात. मात्र तुमच्याकडे बायकांनी पैसे भरलेत, म्हणून तिथला निकष तुम्हाला लावून चालणार नाही.

क्रमाबद्दल. तुमची व्हिडिओंची यादी पाहिली: पहिले नऊ मशीनचे भाग, तेलपाणी आणि सुया, पुढचे सात मापांची सूत्रं. म्हणजे सोळा व्हिडिओ होईपर्यंत बाईच्या हातात काही येत नाही. दुपारी मुलं झोपलेली असताना मिळणारा तास तिने असा किती दिवस द्यायचा? पुस्तकाचा क्रम आणि शिकण्याचा क्रम वेगळा असतो. जुन्या शिंप्यांची पद्धत आठवा. स्वतःला नीट बसणारा एक जुना ब्लाऊज घ्यायचा, उसवायचा, तुकडे इस्त्री करून ब्राऊन पेपरवर ठेवायचे आणि कड गिरवायची. पहिल्या आठवड्यात तिने एवढंच करावं आणि त्या कागदावरून स्वस्तातल्या टू बाय टूचा एक ब्लाऊज शिवावा. तो बऱ्यापैकी बसतोच, कारण मूळ बसत होता. मग तिला स्वतःलाच प्रश्न पडतो: पुढचा मुंढा जास्त का कोरलेला आहे? हा टक्स इथेच का थांबला? आता सूत्र सांगा. मनात प्रश्न आल्यावर दिलेलं सूत्र राहतं. मशीनचे भाग तेव्हा सांगा, जेव्हा तिचा धागा पहिल्यांदा खालून गुंतेल.

सूत्रं शिकवतानाही एकदम कोरा कागद देऊ नका. ऑस्ट्रेलियातले शिक्षण-मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी 1980च्या दशकात बीजगणितावर जे प्रयोग केले, त्यांतून हे पुढे आलं की नवख्या माणसाला सोडवायला नुसती गणितं देण्यापेक्षा आधी सोडवलेली गणितं दाखवली तर तो कमी वेळात शिकतो, कारण त्याच्या डोक्यावर एका वेळी पडणारा भार कमी होतो. ड्राफ्टिंगला, म्हणजे मापांवरून कागदावर आखणी करण्याला, हे तंतोतंत लागू पडतं. मी असं करते: पहिला ड्राफ्ट पूर्ण आखलेला, तिने फक्त गिरवायचा. दुसऱ्यात मुंढ्याची गोलाई मोकळी सोडलेली. तिसऱ्यात मुंढा आणि टक्स दोन्ही मोकळे. चौथ्यात फक्त मापांची चिठ्ठी. प्रत्येक वेळी माप वेगळं. चौथ्या कागदापर्यंत येताना ती कधी स्वतः आखायला लागली हे तिलाही कळत नाही.

आणि तोच ड्राफ्ट पुन्हा काढायला लावा, पण मध्ये दिवस जाऊ देऊन. आज काढला, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं किती झपाट्याने विसरतं आणि थोड्या थोड्या दिवसांनी उजळणी केली तर कसं टिकतं. रोडिगर आणि कार्पिकी या दोघा मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये दाखवलं की पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवून पाहिलेलं जास्त दिवस लक्षात राहतं. आपल्याकडे पाढे असेच तर म्हणून घेत. म्हणून "व्हिडिओ परत बघा" असं सांगू नका. "व्हिडिओ बंद करा, 38 छातीचा मागचा भाग काढा, मग ताडून बघा" असं सांगा.

व्हिडिओंच्या लांबीवर थोडक्यात. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या कोर्सेसमधली व्हिडिओ पाहण्याची सुमारे 69 लाख सत्रं तपासणारा एक अभ्यास 2014 मध्ये आला. त्यात दिसलं की व्हिडिओ कितीही लांब असला तरी माणूस साधारणतः सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाही. ते विद्यापीठाचे विषय होते, शिवण नव्हे, त्यामुळे सहाचा आकडा देवाज्ञा समजू नका. माझा नियम असा: एक व्हिडिओ, हाताचं एक काम, आणि शेवटी तिने ते करून बघायचं. काज करायला तीन मिनिटं लागोत की कटोरी जोडायला नऊ. तुमच्या 38 तासांतून असे कामाचे सहा-सात तास निघतील. बाकीचं टाकताना जीवावर येईल, तरी टाका.

आता ज्यावर कोर्स उभा राहतो किंवा कोसळतो ते: तुमचा तो मशीनांमधून फिरण्याचा दीड तास ऑनलाइन कसा आणायचा? कापड एकदा कापलं की परत जोडता येत नाही, म्हणून तपासणी कात्रीच्या आधी हवी. मी कोर्समध्ये एक फाटक ठेवते. कागदी ड्राफ्टवर टेप आडवी ठेवून काढलेला फोटो आल्याशिवाय आणि तुम्ही "काप" म्हटल्याशिवाय पुढचा व्हिडिओ मिळत नाही. पहिल्या तुकडीला हे जाचक वाटलं, पण त्यांचं कापड वाया गेलं नाही, आणि कापड वाया न गेलेली बाई कोर्स सोडत नाही. बहुतेकजणी कोर्स सोडतात ते पहिला कपडा बिघडल्यावर, आणि घरात कुणीतरी "कशाला हे उद्योग" म्हटल्यावर.

दुसरं फाटक कच्च्या शिलाईनंतर. इथे फार जपून. फिटिंग बघायला अंगावरचा फोटो लागतो, आणि बायकांना तो पाठवायचा संकोच वाटतो, वाटायलाच हवा. गटामध्ये असा फोटो कधीही मागवू नका. साध्या टी-शर्टवर किंवा कुर्त्यावर ब्लाऊज चढवून, चेहरा न येता, फक्त तुमच्या नंबरवर, आणि उत्तर दिलं की लगेच काढून टाकायचा, हे आधी लिहून द्या. एवढंही नको असेल तर तिलाच तपासायचे डोळे द्यावेत असं मला वाटतं. म्हणजे तिला आरशासमोर करायच्या तीन गोष्टी सांगायच्या: हात डोक्यावर न्या, ब्लाऊज खालून किती वर सरकतो बघा. दोन्ही हात पुढे करून मिठी मारल्यासारखे धरा, पाठीत ताण येतो का बघा. हात खाली सोडा, बगलेतल्या चुण्या कुठून कुठे जातात बघा. प्रत्येक उत्तरापुढे कारण आणि दुरुस्ती. कोर्स संपला, तुम्ही फोनवर नसाल, तेव्हाही ही तपासणी तिच्याजवळ राहते. ऑर्डर घेणाऱ्या बाईला तर गिऱ्हाईकासमोर हीच लागते.

या कामाला वेळ लागतो आणि तो कोर्सच्या फीमध्ये धरा. एका ड्राफ्टला तपासून बोलून उत्तर द्यायला मला पाच ते सात मिनिटं लागतात. 25 बायका आणि प्रत्येकीचे सहा फोटो म्हणजे सुमारे 15 तास होतात. म्हणून एका तुकडीत 140 जणी नकोत. 25 घ्या, फी वाढवा, दोन महिन्यांनी दुसरी तुकडी. तुमच्या जुन्या विद्यार्थिनींपैकी एखादीचा हात चांगला असेल तर तिला मानधन देऊन तपासायला घ्या. तिने कशावर "काप" म्हणायचं, ते तुमच्या त्या वहीतून ठरवता येईल.

काही रेकॉर्ड करण्यापूर्वी आणखी एक गोष्ट कराच. तीन बायका घ्या, ओळखीच्या नकोत. कच्चे, मोबाइलवर घाईने काढलेले पहिले चार व्हिडिओ त्यांना द्या आणि त्या शिवत असताना शेजारी बसा. बोलायचं नाही. त्या चुकतील, तुमच्याकडे बघतील, तुमचा हात पुढे जाईल. तरी नाही. ज्या क्षणी तुमच्या तोंडात शब्द आला तो क्षण लिहून ठेवा, तिथे कोर्समध्ये भोक आहे. मी हे एकदा टाळलं होतं, वेळ नव्हता म्हणून. संपूर्ण कोर्सभर मी "सुलट बाजू" म्हणत राहिले, आणि एका भागातल्या बायका ती "वरची बाजू" म्हणून कापड उलटं धरत राहिल्या. तीन बायकांशेजारी एक दुपार बसले असते तर कळलं असतं.

अॅपचं सोपं आहे. 25 जणींसाठी यूट्यूबवर लिंक असणाऱ्यालाच दिसतील असे व्हिडिओ आणि प्रत्येकीशी स्वतंत्र व्हॉट्सअॅप एवढं पुरतं. पुढे तुकड्या वाढल्या, पैसे आणि फाटकं आपोआप सांभाळायची वेळ आली, की बघा. मूडल हे ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि बरंच काही करतं, पण ते उभं करून सांभाळायला कुणीतरी जाणकार लागतो. आज त्यात शिरू नका.

आणि कॅमेरा: तुमचा मोबाइल पुरेसा आहे. दोन गोष्टी विकत घ्या, टेबलाला अडकवायचा उंच स्टँड आणि कॉलरला लावायचा माइक. मोबाइल समोर नको. समोरून काढला तर तुमचा उजवा हात बाईला डावीकडे दिसतो, आणि बाह्या उलट्या लागायचं तेही एक कारण असू शकतं. तुमच्या खांद्याच्या मागून, वरून, कामावर. म्हणजे तुम्ही जे बघता तेच ती बघेल. कापड गडद घ्या आणि खडू पांढरा. टेपवरचे आकडे वाचता यायला हवेत, एकदा छोट्या फोनवर लावून खात्री करा. पंखा बंद ठेवा, त्याने ब्राऊन पेपर हलतो आणि माइकमध्ये घरघर येते. आणि कापण्याआधी तुमचा हात नकळत कापडावरून फिरतो ना, तो काढून टाकू नका, तिथे सावकाश थांबा आणि कापडाचा उभा धागा कुठे लागतोय ते बोलून सांगा.

वही भरली की त्यातल्या वारंवार येणाऱ्या चुका इथेच लिहा. कुठली आधी घ्यायची ते मिळून ठरवू.